निपाणीच्या मळ्यात मॅलम्यूट : आधी पहाटे कोण उठणार ते ठरवा

निपाणीजवळच्या एका वाचकाने विचारलंय : मळ्यात स्वतःचं घर आहे, भोवती तीन एकर ऊस, घरात आई-वडील आणि आजी. स्वतः बेळगावात नोकरीला, सकाळी सातला बाहेर पडतात ते रात्री आठला घरी. अलास्कन मॅलम्यूटचं पिल्लू घ्यायचं आणि पुढे डॉग शोमध्ये उतरवायचं मनात आहे. विकणारा म्हणतो, "इम्पोर्टेड लाईन, वुली कोट, जायंट साइज, एसी असला की काही टेन्शन नाही." वडील म्हणतात, असलं काही आणण्यापेक्षा आपलं मुधोळ हाउंड कुत्रं घे. आपल्या हवेत हे कुत्रं जमेल का, हस्की बरा की मॅलम्यूट, आणि शोसाठी काय तयारी लागते?

विकणाऱ्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. एसीच्या खोलीत मॅलम्यूट जगतो. बेळगावात जगतो, अथणीतही जगेल. मी बेळगावात बरीच वर्षं ही कुत्री पाळते, तयार करते, इतरांचीही शोच्या रिंगमध्ये फिरवते. नुसती जगलेली कुत्री माझ्याकडे नेहमी येतात. अंगावर केसांचा भारा, खाली मांसाचा पत्ता नाही. पाठ ढिली, पंजे पसरलेले, मैदानाला अर्धी फेरी मारली की धाप. मालक विचारतात, कोटला, म्हणजे अंगावरच्या केसांना, काय लावू? कोटला काही लावू नका, कुत्र्याला पळवा, असं सांगितलं की चेहरा पडतो.

मॅलम्यूट काय, हस्की काय, या जाती बर्फावरच्या गाड्या ओढण्यासाठीच घडल्यात. काम मिळालं तर अंग भरतं, अंग भरलं तर चाल सुधारते, आणि रिंगमध्ये जाणता परीक्षक चालच बघतो. म्हणून खोलीत किती टनांचा एसी आहे हे मी शेवटी विचारते. पहिला प्रश्न असतो, वर्षातल्या कुठल्या महिन्यात, दिवसाच्या कुठल्या तासाला या कुत्र्याला बाहेर काढता येईल आणि त्या तासाला घरातलं कोण जागं असेल? तुमच्या बाबतीत हाच प्रश्न अवघड आहे, कारण तुम्ही सात वाजता घर सोडता.

आता आपल्या हवेचं बघू. परदेशात बर्फ नसताना सायकलला किंवा चाकांच्या गाडीला कुत्रं जुंपणारी माणसं हवा साधारण पंधरा अंशांच्या वर गेली की जोराचं काम बंद ठेवतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा तेरा-चौदापर्यंत उतरतो, निपाणी-चिकोडीकडे थंडीच्या दिवसांत तशीच गंमत असते. म्हणजे खऱ्या अर्थाने ओढकाम करता येईल असा काळ आपल्याकडे डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, तोही पहाटे साडेपाच ते साडेसात. बाकीचं वर्ष कमावलेलं अंग टिकवायचं, एवढंच.

उन्हाळ्याची भीती सगळ्यांनाच असते, त्यामुळे त्याची काळजीही घेतली जाते. एप्रिल-मेमध्ये पारा छत्तीस-सदतीसला गेला की लोक कुत्र्याला आत ठेवतात, दारं लावून घेतात. अथणी-रायबागकडे चाळीस होतं, तिथे तर कुणी धाडसच करत नाही. माझ्या अनुभवात कुत्री जास्त दगावतात ती वळवाच्या पावसानंतर आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. आभाळ भरून येतं, माणसाला गार वाटतं, मालक म्हणतो आज मस्त हवा आहे, चल फिरून येऊ. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, जिभेवरचं आणि नाका-तोंडातलं पाणी हवेत उडून जातं आणि त्यातूनच अंग गार होतं. हवाच ओलीचिंब असेल तर ते पाणी उडणार कुठे? अठ्ठावीस अंशांत, पावसाळी हवेत, दोन फर्लांग पळवलेलं तगडं कुत्रं कोसळतं ते यामुळे. तेव्हा थर्मामीटरच्या शेजारी आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र लावा. दोनेकशे रुपयांची गोष्ट आहे, पण चाळीस हजारांच्या एसीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

त्याच कारणाने वाळ्याचा कूलर एप्रिलमध्ये आपल्याकडे झकास चालतो आणि जूनमध्ये उलटा त्रास देतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला तर कूलर घेऊच नका. तिथला पाऊस बघता पंखा, मोकळी हवा आणि गरज पडली तर एसी, एवढंच. एसी असेल तर चोवीस-पंचवीसवर ठेवा. अठरावर ठेवून कुत्र्याला लघवीसाठी भर दुपारी अंगणात काढणं हा त्याच्यावर अन्याय आहे. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर पंखा चालतो, एसी नाही, हेही लक्षात घ्या. म्हणून घरच मुळात गार हवं. तुमचं मळ्यातलं घर कौलारू आणि शहाबादी फरशीचं असेल तर अर्धी लढाई जिंकलीत. नवा स्लॅबचा बंगला दिवसभर तापतो आणि रात्री दहापर्यंत ती उष्णता खाली सोडत बसतो. अशा घरात कुत्र्याची जागा तळमजल्यावर, उत्तरेच्या बाजूला, मोरीजवळ ठेवा. तो स्वतःच ती जागा शोधून काढेल. आणखी एक. नव्या घरांतल्या गुळगुळीत टाइल्सवर वाढत्या पिल्लाचे पाय फाकतात. कमरेच्या सांध्याला ते वाईट. जुनी सतरंजी, काथ्याची पायपुसणी, काहीही टाका, पण पिल्लाला घसरू देऊ नका.

हस्की की मॅलम्यूट, हा वाद लोक फोटो बघून घालतात. कामाकडे बघितलं तर फरक लगेच कळतो. हस्की सैबेरियाच्या ईशान्य टोकाच्या चुकची लोकांचा, हलकं ओझं लांब पल्ल्यावर मध्यम वेगाने नेणारा. नर एकवीस ते साडेतेवीस इंच उंच आणि वीस ते सत्तावीस किलो, मादी त्याहून लहान. मॅलम्यूट अलास्काच्या किनाऱ्यावरच्या माहलेम्यूट लोकांचा, जड माल संथपणे ओढणारा. नराची आदर्श उंची पंचवीस इंच, वजन अडतीस किलोंच्या आसपास. मादी तेवीस इंच, चौतीस किलो. अमेरिकन केनेल क्लबने हस्कीला १९३० साली आणि मॅलम्यूटला १९३५ साली मान्यता दिली. १९२५ मध्ये अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा कुत्र्यांच्या गाड्यांनी त्यावरचं औषध (अँटिटॉक्सिन) पोहोचवलं, ती गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. त्यात सर्वांत लांबचा आणि अवघड टप्पा ज्याने ओढला तो टोगो नावाचा हस्की जेमतेम वीस-बावीस किलोंचा होता. 'जायंट साइज' म्हणून दहा-वीस हजार जास्त मागणाऱ्याला हे जरूर सांगा.

त्या तुमच्या विक्रेत्याच्या तीन शब्दांपैकी दोन तर रिंगमध्ये सरळ तोट्याचे. मॅलम्यूटला लांब, मऊ, लोंबणारा कोट हा दोष मानतात, हस्कीलाही. 'वुली' पिल्लू सोफ्यावर गोड दिसतं, शोमध्ये मागे पडतं, आणि आपल्या पावसात सुकवताना तुमचा जीव घेतं. साठ किलोंचा मॅलम्यूट हा आदर्शापासून लांब गेलेला कुत्रा. वजन जास्त म्हणजे उष्णता बाहेर टाकणंही जास्त कठीण. डोळ्यांचंही तसंच. हस्कीला निळे डोळे, एक निळा एक तपकिरी, सगळं चालतं. मॅलम्यूटला निळा डोळा असेल तर तो शोमधून बादच. निळ्या डोळ्यांचा 'मॅलम्यूट' बाजारात दिसला की बहुतेक वेळा हस्कीचा संकर असतो. हस्की नराची उंची साडेतेवीस इंचांच्या वर गेली तर अमेरिकन नियमांत तोही बाद.

'इम्पोर्टेड लाईन'चं थोडं सांगते. २०१६ साली केंद्र सरकारने पैदाशीसाठी आणि धंद्यासाठी परदेशी कुत्री आणण्यावर बंदी घातली. तेव्हापासून हा शब्द आणखीच सैल वापरला जातो. आजोबा-पणजोबांपैकी कुणी एक बाहेरून आला असेल तरी लाईन 'इम्पोर्टेड' होते. त्यात वाईट काही नाही, पण पैसे मोजायचे तर वंशावळीचा कागद पाहून मोजा. चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र असेल तर त्यावरचा मायक्रोचिपचा क्रमांक आणि पिल्लाच्या मानेत स्कॅनरवर दिसणारा क्रमांक जुळतो का, ते स्वतःसमोर बघा. स्कॅनर आणायला सांगितल्यावर जो नाराज होतो त्याच्याकडून पिल्लू घेऊ नका. २०१७ च्या श्वान पैदास व विक्रीच्या नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याची राज्याच्या पशु कल्याण मंडळाकडे नोंद हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पिल्लू कोल्हापूर-इचलकरंजीचं असेल तर महाराष्ट्राच्या मंडळाची नोंद, बेळगाव-हुबळीचं असेल तर कर्नाटकाच्या. सीमेवर राहिल्याने आपल्याला दोन्हीकडचे विक्रेते भेटतात आणि एकीकडचा कागद दुसरीकडे खपवणारेही भेटतात.

नियमांवरून आठवलं, कुणी तुम्हाला 'या जातीवर बंदी आहे' म्हणून घाबरवेल. मार्च २०२४ मध्ये केंद्राने तेवीस जातींवर बंदी घालायला राज्यांना लिहिलं होतं, त्या यादीत 'वुल्फ डॉग' होता; हस्की किंवा मॅलम्यूट नव्हते. ते परिपत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रद्दही केलं. तरी रस्त्यात "काय ओ, लांडगा पाळलाय काय?" हे ऐकायची तयारी ठेवा. मी तर आता "होय की, शाकाहारी हाय" म्हणून पुढे जाते.

आई-बापांच्या तपासण्या मागा. दोघांच्या कमरेचा एक्स-रे, तोही दोन वर्षं वय झाल्यावर काढलेला. दोघांचे डोळे तपासलेले असावेत, कारण हस्की आणि मॅलम्यूट दोघांतही लहान वयात होणारा आनुवंशिक मोतीबिंदू आढळतो. मॅलम्यूटमध्ये पायांच्या नसांचा एक आनुवंशिक आजार, आखूड पायांचा बुटकेपणा आणि दिवसा न दिसण्याचा दोष असतो. हे सगळं विचारलं की आपल्याकडचे नव्वद टक्के विक्रेते हसतात. उरलेल्यांपैकी एकाकडून घ्या, वाट बघावी लागली तरी चालेल.

मळ्यात राहणाऱ्याने आणखी दोन गोष्टींचा आधी विचार करायला हवा. एक, शिकारीची ओढ. मेंढरं, कोंबड्या, मांजर, शेजाऱ्याची शेळी, यांच्याकडे ही कुत्री खेळणं म्हणून बघत नाहीत. पावसाळा संपला की धनगरांचे कळप तुमच्या भागातून जातात. मोकळा मॅलम्यूट त्यांच्यात शिरला तर भरपाई तर द्यावी लागेलच, वर वडिलांना गावात मान खाली घालावी लागेल. दोन, पळून जाणं. हस्की खड्डा खणतो, उडी मारतो, फाटक उघडायला शिकतो, आणि तीन एकर उसात एकदा शिरला की हाक मारून येत नाही. सहा फुटी तारेची जाळी आणि ती दीड-दोन फूट जमिनीत पुरलेली, असं कुंपण आधी, पिल्लू नंतर. रात्री मोकळं सोडणं तर विसराच. २०२२ च्या ऑगस्टमध्ये खुद्द बेळगावात रेसकोर्सच्या बाजूला बिबट्या फिरत होता आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. ऊसपट्ट्यात तर त्याचं येणं-जाणं नेहमीचंच. राखणदार म्हणून हे कुत्रं घेत असाल तर घेऊच नका. चोर आला तर शेपूट हलवत त्याच्या मागे जाईल आणि मग रात्रभर इवळत बसेल. मॅलम्यूटचा नर दुसऱ्या नराशी भांडतो, तेव्हा घरी आधीचा नर असेल तर मादी घ्या.

खाण्याबद्दल मी जरा तावातावाने बोलते, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान प्रेमाने खाऊ घालूनच होतं. आजी भाकरी-दूध घालणार, वडील वाढतं कुत्रं म्हणून कॅल्शियमची बाटली आणणार. हस्की आणि मॅलम्यूट या दोन्ही जातींना जस्त पचवण्याची अडचण असते. भाकरी, चपाती, सोयाबीन यांतला फायटेट नावाचा घटक जस्ताला धरून ठेवतो, वरून दिलेलं जादा कॅल्शियम त्यात भर घालतं. मग डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला, पंजांवर खपल्या धरतात, केस जातात. लोक खरूज समजून महिनोन्महिने मलमं लावतात. ही लक्षणं दिसली तर डॉक्टरांना 'जस्ताचं काही असेल का?' हे विचारा आणि त्यांच्या सांगण्याशिवाय जस्ताच्या गोळ्या सुरू करू नका, जास्त झालं तर ते विष आहे. मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियमचा डोस वेगळा देणं तसंही हाडांसाठी वाईट. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं चांगलं तयार खाणं द्या. घरचं द्यायचं असेल तर मांस, अंडी, कलेजी मुख्य आणि भात तोंडीलावण्यापुरता, तेही डॉक्टरांकडून प्रमाण ठरवून. कच्च्या चिकनचं खूळ सध्या जोरात आहे. आपल्या बाजारातलं चिकन ज्या उन्हात टांगलेलं असतं ते बघता मी शिजवूनच देते. ही कुत्री दिसतात त्यापेक्षा कमी खातात; उन्हाळ्यात तर स्वतःहून एक वेळ सोडतात. तेव्हा तूप-रोटीने लाड करून वजन वाढवू नका. फासळ्या दिसू नयेत, पण हाताला लागाव्यात.

कोटचं काम वर्षातून दोनदा येतं. आतली लव उन्हाळ्याच्या तोंडाला झुबक्याने गळते, तेव्हा रोज पंधरा मिनिटं रेक (लांब दातांचा फणा) आणि स्लिकर (बारीक तारांचा ब्रश) चालवा. ती लव काढली की वरच्या केसांखालून हवा खेळते. मशीनने भादरू नका. वरचा कोट ऊन अडवतो, आणि एकदा जवळून भादरलेला डबल कोट कधी वर्षभर नीट येत नाही, कधी ठिपक्याठिपक्यांनी येतो. ते कुत्रं मग कुठल्या शोला नेणार? पावसाळ्यात खरा त्रास ओलीचा. वरून कोरडं वाटणारं कुत्रं कातडीपाशी ओलं असतं, दोन दिवसांत तिथे लाल ओलसर चट्टा पडतो आणि तो चाटून चाटून हातभर होतो. घरच्या केस सुकवायच्या ड्रायरने हे काम होत नाही. ग्रूमिंगचा जोरदार ब्लोअर घ्या, गरम हवा बंद ठेवा, आणि केस वाऱ्याने फाकून कातडी दिसेपर्यंत सुकवा.

गोचीड याच कोटात लपतात. रोज संध्याकाळी कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीच्या मुळाशी बोटं फिरवा. गोचीड कुत्र्यावर जितके असतात त्याहून जास्त भिंतीच्या फटीत आणि गोठ्याच्या दगडांत असतात, म्हणून नुसत्या कुत्र्याला औषध देऊन भागत नाही. अचानक खाणं सोडलं, ताप आला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, नाकातून रक्त आलं, तर त्याच दिवशी रक्ताची तपासणी. एर्लिकिया या गोचिडांपासून होणाऱ्या आजारासाठी डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन सुरू केलं तर चौथ्या दिवशी कुत्रं टुणटुणीत दिसलं म्हणून बंद करायचं नाही. उसाच्या मळ्यात उंदीर असतात, म्हणून लसींमध्ये लेप्टोस्पायरोसिसची लस आहे ना ते पाहून घ्या. रेबीजचं सांगायला नकोच.

आता शो. आपल्याकडे शोंचा हंगाम साधारण पावसाळ्याच्या शेवटाला सुरू होतो आणि थंडी संपेपर्यंत चालतो. हे या जातींच्या पथ्यावर पडतं, पण एक अडचण आहे : हंगामाच्या सुरुवातीचे शो येतात तेव्हा तुमचं कुत्रं चार महिने पावसात घरी बसून ढिलं झालेलं असतं. म्हणून माझी कुत्री मी डिसेंबरच्या आधी सहसा उतरवत नाही. ऑक्टोबरपासून पहाटे चालणं, मग हळूहळू दुडकी, डिसेंबर लागला की छातीच्या हार्नेसला जुनं टायर बांधून मातीच्या रस्त्यावर ओढायला लावणं. गळ्यातल्या पट्ट्याला कधीही ओझं बांधू नका. आणि दीड वर्षाच्या आत ओढकाम नाही, हाडांची टोकं भरायची असतात. मळ्यातली नांगरटीची माती पायांना फार चांगली, डांबर वाईट.

रिंगमध्ये ही कुत्री पाचव्या गटात येतात, स्पिट्झ आणि आदिम जातींच्या. परीक्षक आधी उभं राहिलेलं कुत्रं बघतो, दात बघतो, अंगावर हात फिरवतो, नराचे दोन्ही वृषण खाली उतरलेत का ते तपासतो, मग पळवून बघतो. दात दाखवणं आणि अनोळखी माणसाचा हात सहन करणं तीन महिन्यांच्या पिल्लापासून रोज शिकवा. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला 'जरा दात बघा हो' म्हणायचं. दूधवाला, पोस्टमन, कुणीही चालेल. डॉबरमनसारखं पाय हाताने मांडून उभं करायची सवय या कुत्र्यांना लावू नका. समोर खाऊ धरा आणि चार पायांवर त्याचं तो उभा राहू दे. मान वर, कान पुढे, शेपटी पाठीवर आलेली. मॅलम्यूटची शेपटी पिसाऱ्यासारखी डुलणारी हवी, पाठीला चिकटून वळलेली नको.

चालीत आपले बहुतेक हँडलर, म्हणजे कुत्रं रिंगमध्ये फिरवणारे, मार खातात. लीड (हातातला पट्टा) ताणून धरतात, कुत्र्याचं डोकं वर खेचतात आणि जिवाच्या आकांताने धावतात. हस्की कसा असावा हे सांगणाऱ्या मानकातच लिहिलंय की तो सैल लीडवर, मध्यम-वेगवान दुडकीत दाखवावा. लीड ओढली की पुढचे पाय आखडतात, आणि लांब पल्ल्यासाठी घडलेला कुत्रा ठेचकाळत चालल्यासारखा दिसतो. वेग वाढला की पावलं मधल्या रेषेकडे येतात, ती येऊ द्या. घरी व्हिडिओ काढायचा असेल तर समोरून, मागून आणि बाजूने, तिन्ही बाजूंनी काढा. आणि कात्री जपून. मॅलम्यूटला पंजे नीटनेटके करण्यापलीकडे छाटणी चालत नाही. हस्कीलाही मिशा आणि पंजे एवढीच मुभा आहे. पार्लरवाल्याने गोलमटोल कापून दिलेलं कुत्रं घेऊन रिंगबाहेर रडणारे मालक मी पाहिलेत. अंघोळ शोच्या दोन-तीन दिवस आधी, म्हणजे केसांना पुन्हा कडकपणा येतो.

कोल्हापूर, पुणे, गोवा, हुबळी, बेंगळुरू. कुठेही जा, रात्रीचा प्रवास करा. मैदानावर मांडव असला तरी तुमच्या गटाची पाळी दुपारी एकला येऊ शकते. पिंजऱ्याला बॅटरीचा पंखा, खाली गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या, कुत्र्याला खाली ओला टॉवेल. अंगावर ओला टॉवेल पांघरू नका, आत वाफ कोंडते. पाळी येईपर्यंत पिंजऱ्यातच, फोटो काढायला येणाऱ्यांना नंतर बोलवा. आणि उकाडा फारच असेल तर प्रवेश फी सोडून द्या आणि घरी या.

उष्माघात झालाच तर क्रम असा. जीभ गडद लाल, लाळ चिकट, चाल लटपटती, उलटी; यातलं काही दिसलं की सावलीत घ्या, हाताशी असेल ते पाणी केस फाकून थेट कातडीपर्यंत पोहोचेल असं ओतत राहा, पंखा लावा, आणि मग गाडीत घाला. आधी गार करायचं, नंतर दवाखाना. उलटं केलं तर निपाणीहून कोल्हापूर गाठेपर्यंत वेळ निघून जातो. गुदद्वारात थर्मामीटर घालून बघता येत असेल तर उत्तम : निरोगी कुत्र्याचं तापमान अडतीस ते एकोणचाळीसच्या आसपास, एक्केचाळीस म्हणजे जिवावरचं. साडेएकोणचाळीसपर्यंत उतरलं की पाणी थांबवा. वरवर सावरलेलं दिसलं तरी डॉक्टरांना दाखवाच, मूत्रपिंड आणि रक्तावरचे परिणाम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघडे पडतात.

तुमच्यासाठी माझं मत : सध्याच्या नोकरीच्या वेळा आहेत तशा राहणार असतील तर मॅलम्यूट नको. अडतीस किलोंचं ओढणारं कुत्रं तुमच्या वडिलांनी पहाटे धरावं असं मला वाटत नाही. ते स्वतःहून तयार असतील, किंवा तुम्ही साडेचारला उठून सहापर्यंत कुत्र्याचं सगळं आटोपणार असाल, तर हस्कीची मादी घ्या. वीस किलोंच्या आसपासचं कुत्रं सांभाळता येतं आणि उकाडाही त्यातल्या त्यात बरा सोसतं. वडिलांचं मुधोळचं म्हणणं चेष्टेवारी नेऊ नका. ती जात इथल्याच उन्हात घडली आहे, २००५ साली तिचं टपाल तिकीटही निघालं, आणि शोमध्ये चांगल्या मुधोळला मान आहे. फक्त तोही पळणारा कुत्रा, साखळीला बांधून ठेवायचा नाही.

घ्यायचंच ठरलं तर पिल्लू ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घरी आणा, म्हणजे पहिले चार महिने त्याला बाहेर शिकवता येईल. पण पैदास करणाऱ्याकडे पहिली खेप मेमध्ये मारा, न सांगता, दुपारी दोन वाजता. पिल्लं नसली तरी चालेल. त्याची मोठी कुत्री त्या वेळी कुठे बसलीत, पाणी कुठे आहे आणि त्यांच्या मांड्यांना हात लावल्यावर काय लागतं, ते बघून या.